मान आणि हजेरी : मिरजेच्या दर्ग्यातली गाण्याची सभा

मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याचा उरूस सुरू झाला, की पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. बाकीच्यांचे गलेफ त्यानंतर. पश्चिम महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत ही बातमी दरवर्षी येते. मथळ्यात 'हिंदू-मुस्लिम ऐक्याचे प्रतीक' असं काहीतरी असतं. आपण ते वाचतो, बरं वाटतं, पान उलटतो.

मला 'प्रतीक' हा शब्द खटकतो. एखाद्या गोष्टीला प्रतीक म्हटलं की ती चालते कशी, कोण चालवतं, त्यासाठी कुणाला काय करावं लागतं, हे विचारायची गरज राहत नाही. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. एकात्मतेवर निबंध लिहून आणा म्हटलं की मुलं नेमकं हेच करतात. 'सर्वांनी गुण्यागोविंदाने राहावे' या वाक्यावर वही बंद! कोणी, कुठे, काय काम करून गुण्यागोविंदानं राहिलं, याचा पत्ता नाही. म्हणून या लेखात मिरजेची गोष्ट जरा कामाच्या बाजूनं सांगते.

आधी तीन शब्द. गलेफ म्हणजे अरबी 'गिलाफ', आच्छादन. आपल्याकडे मजारीवर चढवायच्या चादरीला म्हणतात. उरूस म्हणजे 'उर्स', लग्नसोहळा. वलीचा मृत्यू म्हणजे प्रियकराशी मीलन, म्हणून पुण्यतिथीला लग्नाचं नाव. आणि हजेरी म्हणजे 'हाजिरी'. शाळेत आपण ती रोज घेतो. पण गवई जेव्हा म्हणतो, 'मी दर्ग्यात हजेरी लावली', तेव्हा तो गायला असं म्हणत नाही, कार्यक्रम केला असंही म्हणत नाही. बोलावलं होतं, मी आलो, एवढंच त्या शब्दात असतं. मिरजेचा सगळा इतिहास यातल्या 'हजेरी' या एका शब्दाभोवती आणि 'मान' या दुसऱ्या शब्दाभोवती फिरतो, असं मला वाटतं.

मानाचा अर्थ आपल्या गावगाड्यात फार नेमका आहे. पालखीला कोणाचा खांदा, होळीला कोणाची पहिली पोळी, बैलांत पहिला कोणाचा, हे ठरलेलं असतं. मान हा हक्क असतो आणि त्याच वेळी ते बंधनही असतं. ज्याचा मान, तो आला नाही तर गाडी पुढे सरकत नाही. चर्मकार समाजाचा गलेफ पहिला याचा अर्थ असा की तो आल्याशिवाय उरुसाची सुरुवातच होत नाही. दर्ग्याची परंपरा हा मान फार जुना असल्याचं सांगते. तो कोणत्या महाराष्ट्रात टिकून राहिला तेही लक्षात घ्या. पुण्यात पर्वतीच्या देवळासाठी 1929 साली सत्याग्रह करावा लागला. नाशिकला काळाराम मंदिरासाठी 1930 साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि दार उघडलं नाही. पंढरपूरचं देऊळ उघडायला 1947 साल उजाडावं लागलं, त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. ज्यांना देवळाच्या पायरीवर अडवलं जात होतं, त्यांचा हात इथे पहिला लागत होता.

यावरून लगेच 'आमच्यात जातपात नाही' अशी शेखी मिरवू नये. आपल्या समाजातही बिरादऱ्या आहेत, शिकलगार, बागवान, पिंजारी, अत्तार यांच्यात सोयरिकी जुळताना काय काय होतं ते घराघरात माहीत आहे. मान हा प्रकारच मुळात उतरंडीतला आहे. फरक एवढाच की मिरजेत कोणीतरी त्या उतरंडीचा पहिला दगड शेवटच्या माणसाच्या हातात दिला.

शिकलगार म्हटलं की मिरजेच्या दुसऱ्या गोष्टीकडे यावं लागतं.

मिरज हे किल्ल्याचं, फौजेचं गाव. आदिलशाही, मराठे, मग पटवर्धन संस्थानिक. फौज म्हटली की तलवारी आल्या, तलवारी आल्या की त्यांना धार लावणारे, पाणी देणारे शिकलगार आले. 1818 नंतर पेशवाई गेली, संस्थानांच्या फौजा आटल्या आणि या कारागिरांच्या हाताला काम उरलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्यातल्या फरीदसाहेब नावाच्या कारागिरानं वाद्यदुरुस्तीत हात घातला आणि हळूहळू तंबोरे, सतारी बनवायला सुरुवात केली. त्या घराण्याचं आडनावच पुढे 'सतारमेकर' झालं. मिरजेत आज सतारमेकर गल्ली आहे. हत्यार करणाऱ्या हातांनी वाद्य केलं, असं भाषणात म्हणायला छान वाटतं. खरी गोष्ट पोटाची होती. धंदा बुडाला, दुसरा शोधला. पण तो शोधता आला, कारण गावात गाणं होतं.

गाणं कुठून आलं? इचलकरंजीकर बाळकृष्णबुवा ग्वाल्हेरला जाऊन वासुदेवबुवा जोशींकडे शिकले. वासुदेवबुवांची तालीम ग्वाल्हेरच्या खाँसाहेबांच्या परंपरेतली. ती गायकी घेऊन बाळकृष्णबुवा दक्षिणेत आले आणि मिरजेत राहिले. त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर शिकले, ते 1896 साली मिरज सोडून बाहेर पडले आणि पुढे देशभर गांधर्व महाविद्यालयं उभी राहिली. म्हणजे मुसलमान उस्तादांची विद्या एका ब्राह्मण बुवांनी महाराष्ट्रात आणली, संस्थानिकानं आश्रय दिला आणि शिकलगारांनी तंबोरे पुरवले. मुंबईहून हुबळी-धारवाडकडे जाणारी गाडी मिरजेवरून जायची, त्यामुळे गवयांचा राबता कायम. शिवाय डॉक्टर वान्लेस यांचं मिशन हॉस्पिटल 1894 पासून गावात. औषधाला आलेला माणूसही गाणं ऐकून जायचा म्हणा ना.

तंबोरा कसा होतो हे पाहण्यासारखं आहे. त्याचा भोपळा मिरजेत पिकत नाही. तो येतो पंढरपूरच्या बाजूनं, भीमेच्या काठच्या शेतकऱ्यांकडून. खायचा भोपळा नव्हे, कडू आणि जाड सालीचा. वेलावर असतानाच त्याचा आकार बिघडू नये म्हणून जपावं लागतं. सुकलेला भोपळा कापायचा, भिजवायचा, आतून साफ करायचा, त्यावर लाकडाची तबली बसवायची, गळा, दांडी, खुंट्या, वर पानाफुलांची नक्षी. आणि शेवटी घोडीची जवारी काढायची. घोडी म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी. ती कानसीनं अशी घासायची की तार तिला अंगभर चिकटूही नये आणि सुटूही नये, नुसती स्पर्शून राहावी. मग ती तार एकटी बोलत नाही, तिच्यातून बाकीचे सूर उमटतात. जवारी मोजपट्टीनं निघत नाही. ती कानानं निघते, आणि कान तयार व्हायला वर्षं जातात. या गल्लीतले कितीतरी कारागीर स्वतः गात नाहीत, पण गवयाचा आवाज ऐकून त्याच्या तंबोऱ्याची जवारी ठरवतात.

अशा गावात अब्दुल करीम खाँ आले. जन्म 1872, उत्तरेतल्या कैराना गावचा. त्यावरूनच किराणा घराण्याचं नाव. तरुणपणी बडोद्याच्या दरबारात होते. तिथे सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी सूर जुळले आणि दोघांना बडोदा सोडावं लागलं. मुंबई, मग मिरज. त्या काळात प्लेगच्या साथी येत होत्या. खाँसाहेबांना मिरजेत प्लेगनं गाठलं, मीरासाहेबांच्या दर्ग्यात पडून राहिले आणि बरे झाले, अशी कथा मिरजेत सांगतात. कथेचं काय ते असो. त्यांनी मिरज सोडली नाही. दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली बसून गायचे. उरुसाला हजेरी ठरलेली. गावोगावच्या मैफली, दक्षिणेत म्हैसूरपर्यंतचे दौरे, कर्नाटक संगीताचा नाद, सगळं करून परत मिरजेला.

या माणसाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण आपल्या मुलांना त्यांचं नावही माहीत नसतं. वाद्यं दुरुस्त करण्यात त्यांचा हात चालायचा. मराठी नाट्यपदं त्यांनी गायली आणि ती ध्वनिमुद्रिकांवर घरोघर पोहोचली. सांगलीचे देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स श्रुतींचा अभ्यास करत होते, त्यांच्या प्रयोगांना यांनी आपला गळा दिला. टिपू नावाच्या कुत्र्याला त्यांनी सुरात ओरडायला शिकवलं होतं, हा किस्सा तर प्रसिद्धच आहे! 1913 साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. हे नाव पाहून मी पहिल्यांदा थबकले होते. मुसलमान उस्तादाच्या शाळेचं नाव 'आर्य'. पण काळ पाहा. त्याच सुमारास शिकलेल्या वर्गात अशी चर्चा सुरू होती की संगीत हे उस्तादांच्या हातून सोडवून शास्त्राच्या, शाळेच्या हाती द्यायला हवं. खाँसाहेब मंडळी अडाणी, चीजा लपवून ठेवणारी. हा समज आजही संगीतावरच्या मराठी पुस्तकांतून अधूनमधून डोकावतो. तेव्हा एक उस्ताद स्वतःच शाळा काढतो, मुलामुलींना गोळा करतो, ठेवून घेतो, शिकवतो. नाव काहीही असो, ते उत्तर होतं.

विद्यालय फार टिकलं नाही. 1922 साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलं आईच्या नावानं ओळखली गेली. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कमलाबाई, कृष्णराव, सरस्वती राणे. घर मोडलं, गाणं मोडलं नाही. हिराबाई 1905 साली मिरजेतच जन्मल्या. बाईनं चारचौघांत बसून गाणं म्हणजे नाव घालवणं, अशा काळात तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांचं नाव आहे. शिष्यांमध्ये रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. त्यांचे शिष्य गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी. भीमसेनजींनी गुरूच्या नावानं 1953 साली पुण्यात महोत्सव सुरू केला, तो तर सगळ्यांना ठाऊक आहे. आषाढी एकादशीला पहाटे महाराष्ट्राच्या घराघरात जे अभंग वाजतात त्यांतला सूर कैरानाहून मिरजमार्गे आलेला आहे, आणि मागे जो तंबोरा झंकारतो त्याचा भोपळा अनेकदा पंढरपूरच्याच रानातला असतो.

खाँसाहेबांचा इंतकाल 27 ऑक्टोबर 1937 रोजी झाला. मद्रासहून पाँडिचेरीकडे निघाले होते. वाटेत अस्वस्थ वाटू लागलं म्हणून सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहान स्टेशनावर उतरले. नमाज अदा केली, दरबारी रागात अल्लाहचं नाव घेतलं आणि तिथेच गेले, असं सांगतात. मिरजेत आणून मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं.

त्यानंतर सुरू झाली ती संगीत सभा. उरुसाच्या दिवसांत, दर्ग्याच्या आवारात, खाँसाहेबांच्या स्मृतीत. तिकीट नाही. गवई बिदागीसाठी येत नाहीत, हजेरीसाठी येतात. हिराबाई आल्या, गंगूबाई आल्या, भीमसेनजी आले. त्यांच्याच आगेमागे मिरज-सांगली-कोल्हापूरची नवी मुलंमुली बसतात. ज्याला पुण्या-मुंबईच्या महोत्सवात दहा वर्षं कोणी विचारणार नाही, त्याला इथे त्याच जागेवर बसून गायला मिळतं. समोर जाजमावर बसलेल्यांत उरुसाला आलेला खेडूत असतो, पेढे-खेळण्यांचे स्टॉल लावणारा असतो, शिक्षक, वकील, डॉक्टर असतात, फातेहा देऊन थोडा वेळ टेकलेल्या बायका असतात. सगळ्यांनाच गाणं कळतं असं नाही. पण उठून जाणारा बेताबेतानं, वाकून जातो.

यात कोण काय करतं पाहा. दर्ग्याची माणसं जागा देतात, व्यवस्था पाहतात. सतारमेकर तंबोरे जुळवून देतात. रसिक मंडळी, ज्यांत हिंदू बहुसंख्य, गवयांना बोलावतात, उतरवून घेतात. गवई गातात. यातला एक जरी हात निघाला तरी सभा होणार नाही. आणि हेच गाव नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीताचा उत्सव करतं. तिथेही तंबोरे याच गल्लीतले.

मला इथे मुद्दा दिसतो तो हा. आपण आजकाल जे एकोप्याचे कार्यक्रम करतो त्यांत एक यजमान असतो आणि बाकीचे पाहुणे. ईद-मिलन घ्या, इफ्तार पार्टी घ्या. आम्ही शिरखुर्मा करतो, शेजारी येतात, फोटो निघतात. वाईट काहीच नाही, मी स्वतः दरवर्षी वाट्या भरते. पण पाहुण्याला काम नसतं. तो पुढच्या वर्षी आला नाही तर वाट्या चार कमी धुवाव्या लागतील, बस्स! मानकऱ्याचं तसं नाही. तो आला नाही तर अडतं. म्हणून तो येतो, मनात असो वा नसो, भांडण झालेलं असलं तरी येतो. प्रेम असेल तर उत्तमच, पण व्यवस्था प्रेमावर सोडलेली नाही.

मग 2009 चं काय?

हा प्रश्न टाळून मिरजेवर लिहिता येणार नाही. सप्टेंबर 2009 मध्ये गणेशोत्सवात एका कमानीवर लावलेल्या अफजलखान वधाच्या चित्रावरून मिरजेत दंगल झाली. संचारबंदी लागली, विसर्जन अनेक दिवस खोळंबलं, लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेलं. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, हे विसरू नये. ज्या गावात पहिला गलेफ चर्मकारांचा, ज्या गावात किराणा घराण्याची कबर, त्या गावात हे झालं. तेव्हा अनेकांनी विचारलं, आणि आजही विचारतात, की मग तुमच्या त्या सभेचा, त्या परंपरेचा उपयोग काय?

साधं उत्तर हे की गाण्याची सभा म्हणजे पोलीस चौकी नव्हे. पण ते उत्तर पुरेसं नाही, आणि मला त्यानं समाधानही होत नाही. दगड कोणाच्या हातात होते ते आठवा. दोन्हीकडची तरुण पोरं. त्यांच्यातल्या किती जणांकडे दर्ग्यात काही काम होतं? किती जणांकडे देवळातल्या उत्सवात होतं? मानकरी साठीचे, रसिक पन्नाशीचे, कारागीर गल्लीत मान खाली घालून काम करणारे. पोरांसाठी गावानं जे ठेवलं होतं ते म्हणजे मंडळ, मिरवणूक, डॉल्बी आणि कमान. तिथे त्यांना खरंच काम होतं, वर्गणीपासून विसर्जनापर्यंत. आमच्या पोरांनाही उरुसात जुलूस आणि झेंडे याखेरीज फार काही दिलं गेलं नव्हतं. जिथे दोघांचे हात एकाच कामाला लागलेले होते तो भाग टिकला, आणि जिथे एकत्र काम नव्हतं तिथे फाटलं. गलेफाचा मान त्यानंतरही चर्मकार समाजाकडेच राहिला, सभा पुढेही होत राहिली. ही माझी मांडणी आहे. मिरजेतल्या वाचकांना वेगळं वाटत असेल तर त्यांचं म्हणणं माझ्यापेक्षा वजनदार समजावं.

आता घरातला प्रश्न. आपल्यातल्याच अनेकांना हे सगळं मान्य नाही. मजारीवर चादर, उरूस, त्यात गाणंबजावणं आणि त्यातही बायकांचं गाणं! 'हे बिदअत आहे, मॅडम,' असं माझ्या एका माजी विद्यार्थ्यानं मला अगदी अदबीनं सांगितलं. त्याचा हेतू स्वच्छ आहे, दीन शुद्ध असावा ही त्याची तळमळ खरी आहे. मी त्याच्याशी फिकहवर वाद घालणार नाही, तो माझा प्रांत नाही. इतिहास मात्र सांगू शकते. हा वाद काल निर्माण झालेला नाही. दिल्लीत घियासुद्दीन तुघलकाच्या काळात, म्हणजे 1320 ते 1325 च्या दरम्यान, हजरत निजामुद्दीन औलियांना समाबद्दल, म्हणजे सूफींच्या गानश्रवणाबद्दल, उलेमांच्या सभेपुढे उत्तर द्यावं लागलं होतं. सातशे वर्षं दोन्ही बाजू आहेत आणि दोन्हीकडे जाणती माणसं आहेत. तेव्हा 'आम्ही जाणार नाही' म्हणणाऱ्याचा हक्क मी मानते. 'ते बंद करा' म्हणणाऱ्याला मात्र एक विचारावंसं वाटतं. तुझ्या आजोबांनी ज्या जागेत चर्मकाराला पहिलं उभं केलं, ती जागा बंद झाल्यावर तो आणि तू वर्षातून एकदा कुठे भेटणार? त्याचं उत्तर तयार असेल, त्यात त्यालाही काम असेल, तर जरूर सांग.

आणि दुसऱ्या बाजूनंही हेच. दर्ग्यात हिंदूंनी जाऊ नये, मुसलमानांनी बनवलेलं, विकलेलं घेऊ नये, अशी पत्रकं आणि मोबाइलवरचे संदेश आता आपल्या जिल्ह्यांतही फिरतात. जत्रेत अमुक लोकांना दुकान लावू देऊ नका, असे ठराव होतात. असा ठराव करणाऱ्या माणसाच्या घरी रेडिओवर पहाटे अभंग लागत असेलच. तो अभंग ज्या तंबोऱ्यावर गायला गेला त्याचं काय करायचं, हेही ठरावात लिहावं.

या भांडणांपेक्षा एक शांत धोका मला मोठा वाटतो. सतारमेकर गल्ली आकसत चालली आहे. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, मग मोबाइलमध्ये तानपुऱ्याचं ॲप आलं. विद्यार्थ्याला खिशात सूर मिळाला, मग दीड महिना थांबून तंबोरा कोण करून घेणार? भोपळ्याची शेती करणारे कमी झाले, कारण ऊस परवडतो. गल्लीतली शिकलेली मुलं नोकरीकडे वळतात आणि त्यांना दोष देता येत नाही. मी स्वतः वर्गात त्यांना हेच सांगते की शिका, पुढे जा. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे, निर्यातीला मदत होईल, नक्कल करणाऱ्यांना आळा बसेल. पण मानांकनानं जवारी काढता येत नाही. ती काढणारा कान वीस-पंचवीस वर्षं बापाशेजारी बसून तयार होतो, आणि बापाशेजारी बसायला मुलगा लागतो. मुलगी बसली तरी माझी हरकत नाही, उलट बघायला आवडेल.

मीरासाहेबांचा उरूस रजब महिन्यात भरतो. चांद्रमहिना असल्यानं इंग्रजी तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, तेव्हा जायचं असेल तर आधी मिरजेत कोणाला तरी विचारून घ्या. गलेफ पाहायचा असेल तर पहिल्या दिवशी जा. सभेला जायचं असेल तर संध्याकाळी लवकर जाऊन जागा धरा, पांघरायला शाल ठेवा, आणि मुलांना बरोबर न्या. ती मध्येच झोपतील. झोपू द्यात.